पंचेचाळीसवर थांबलेला काटा

रविवारी सगळे कामावर जातात आणि गुरुवारी सुट्टी घेतात, असं गाव मी यंदा पहिल्यांदा पाहिलं. कराडात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. ते सोडून मी फारसा कुठे जात नाही, आणि गेलोच तर तिथली घड्याळं बरोबर चालतात की नाही तेवढं बघून परत येतो, अशी घरात माझी थट्टा होते. पण पिंपरी-चिंचवडहून अक्काचं पत्र आलं. औद्योगिक वसाहतीतली मोटारसायकलींची शर्यत यंदा शेवटची, पुढच्या वर्षीपासून त्या रस्त्याने बस जाणार, इतकी वर्षं बोलावतेय, आता तरी ये, असं तिनं लिहिलं होतं. मी पिशवीत हत्यारांची लहान पेटी टाकली, अक्कासाठी गजराचं एक घड्याळ घेतलं आणि निघालो. आमच्याकडे शर्यत म्हटलं की बैलगाड्यांची, आणि तीही माळावर. सरकारी रस्ता अडवून दरवर्षी शर्यत लावतात आणि हवालदार बाजूला उभा राहून टाळ्या वाजवतो, हे मला पाहिल्याशिवाय खरं वाटलं नसतं.

मंगळवार

अक्काचं घर चिंचवडला, कामगारांच्या बैठ्या चाळीत. इथे पोचल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की किती वाजले असं कुणी विचारत नाही. 'पहिली सुटली का?' असं विचारतात. पहिली, दुसरी आणि तिसरी म्हणजे कारखान्याच्या शिफ्ट. भोंगा होतो, त्यावर दूध तापतं, पोरं शाळेत जातात, नळावर भांडणं सुरू होतात. एवढा मोठा भोंगा असताना मनगटावर घड्याळ कोण बांधणार? माझं पोट या गावात भरणार नाही हे मी तासाभरात ओळखलं.

दुपारी बारा वाजता चाळ अगदी चिडीचूप होती. मला वाटलं, सगळे बाहेर गेले असतील. मी ओट्यावर बसून अक्काला नव्या घड्याळाचा गजर लावून दाखवला. गजर मीच नीट केलेला, खणखणीत. तो वाजला आणि मिनिटभरात चार दारं उघडून लुंग्या सावरत, डोळे तांबारलेले चार जण बाहेर आले. ती तिसरी करून सकाळी झोपलेली मंडळी होती. त्यांतले लातूरकडचे एक गृहस्थ मला काहीच बोलले नाहीत, नुसते हात जोडून उभे राहिले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. नंतर पाहिलं तर दिवसा चाळीतून जाताना लहान पोरंसुद्धा चपला हातात घेऊन चालत होती. आमच्या पेठेत रात्रीचंसुद्धा इतकं कुणी कुणाला जपत नाही.

चार वाजता दाजी आले आणि आम्ही दुपारचं जेवण चारला जेवलो. दाजी म्हणजे अक्काचे यजमान. त्यांचं काम मला नेहमीच अजब वाटत आलंय. कामगाराच्या मागे घड्याळ घेऊन उभं राहायचं आणि एक नग तयार व्हायला किती वेळ लागतो ते मोजून कागदावर लिहायचं. त्याला टाइम स्टडी म्हणतात. त्या आकड्यावर पुढे सगळ्यांचं काम ठरतं, म्हणून दाजी मागे येऊन उभे राहिले की भल्याभल्यांचे हात जड होतात. दाजींना त्याचं काही वाटत नाही. "माझा आकडा चुकला असं आजवर कुणी दाखवलेलं नाही," असं ते म्हणतात, आणि त्यात बढाई नसते, ती त्यांची अब्रू असते.

जेवण झाल्यावर त्यांनी पत्र्याच्या डब्यातून एक थांबघड्याळ, म्हणजे स्टॉपवॉच, काढून माझ्यासमोर ठेवलं. काच फुटलेली होती. शर्यतीच्या सुरुवातीच्या वर्षांत वेळ मोजायला कुणाकडे काही साधन नव्हतं, म्हणून दाजी हे आपलं कामाचं घड्याळ नेत. तिसऱ्या वर्षी सगळ्यांत जलद फेरीला काटा थांबवून दाजींनी आकडा पुकारला, तेव्हा लोकांनी आनंदाच्या भरात त्यांनाच उचललं आणि घड्याळ हातातून पडलं. त्याला आता तेरा वर्षं झाली. पुढच्या वर्षी कंपनीनं त्यांना सहा महिने बंगलोरला ट्रेनिंगला पाठवलं, आणि शर्यतीची वेळ शाळेतले ड्रिलमास्तर आपल्या घड्याळावर मोजू लागले ते आजपर्यंत.

घड्याळ हातात घेतलं आणि मी चाट पडलो. तबकडीच्या कडेला साठ रेघा असायला हव्यात, तिथे शंभर होत्या. दाजींना माझं आश्चर्य पाहून हसू आलं. त्यांच्या कामात मिनिटाचे साठ नाही, शंभर भाग करतात, म्हणजे गुणाकार सोपा होतो. सेकंदात आम्ही विचारच करत नाही, असं ते म्हणाले. मला हे काहीसं अधर्मासारखं वाटलं, पण घड्याळ सुरेख होतं. माझ्या वडिलांची शिकवण अशी, की बिघडलेलं घड्याळ उघडण्याआधी काटे कुठे थांबलेत ते लिहून ठेवायचं. मी वहीत लिहिलं : लहान काटा तीनवर, मोठा पंचेचाळीसवर. मग उजेड गेला, म्हणून घड्याळ तसंच रुमालात बांधून ठेवलं.

बुधवार

सकाळी पिंपरी कॅम्पात सिंधी मंडळींकडचं दाल-पकवान खाल्लं. पकवान म्हणजे ताटाएवढी कडक पुरी, तिच्यावर डाळ घालून खायची. हातानं तोडायला गेलो आणि निम्मी पुरी शेजारच्या माणसाच्या डाळीत पडली. त्यानं ती निमूट खाल्ली. मग चालत वसाहतीत गेलो.

फेरा सुमारे तीन मैलांचा, चार वळणांचा. इथे रस्ते आधी आले आणि कारखाने मागून. वीस वर्षांपूर्वी सरकारनं माळावर रुंद डांबरी रस्ते आखले, पण त्यांवर जायला कुणी नव्हतंच. रिकामा रस्ता आणि हाताखाली इंजिन असलेली तरुण माणसं एकत्र आल्यावर आणखी काय होणार? वसाहतीची वीज गुरुवारी बंद, म्हणून सुट्टी गुरुवारी, म्हणून शर्यतही गुरुवारी. पहिल्या वर्षी पाच मोटारसायकली, एक टॅक्सी आणि एक जीप धावली होती. जीप तिसऱ्या वळणावर सरळ ज्वारीत शिरली आणि तेव्हापासून चारचाकींना बंदी झाली. नाव नोंदवताना लायसन्स कुणी बघत नाही, कंपनीचं हजेरीचं कार्ड बघतात, कारण आदल्या रात्री तिसरी केलेल्या माणसाला धावू देत नाहीत. हा नियम मला फार आवडला.

घड्याळ धुवायला थोडं पेट्रोल हवं होतं. शेवटच्या वळणावर एक गॅरेज होतं, तिथे गेलो. मालक रशीदभाई, पन्नाशीचे, सडपातळ. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून त्याची मूठ कानाला धरून ते डोळे मिटून ऐकत होते. मीही घड्याळ आधी कानाला लावतो. तेव्हा ओळख व्हायला वेळ लागला नाही. पेट्रोल दिलं, स्टूल दिलं. मग मी शर्यतीसाठी आलोय म्हटल्यावर त्यांचा चेहरा मिटला. उद्या मी इथे नसतो, तळवड्याला बहिणीकडे जातो, दरवर्षीच जातो, असं ते म्हणाले.

गॅरेज वळणावर, शर्यत दारातून जाणार आणि हा माणूस शटर ओढून निघून जाणार. मला राहवेना, मी कारण विचारलं. हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून त्यांनी सांगितलं. तिसऱ्या वर्षी सगळ्यांत जलद फेरी त्यांची होती. पुढच्या वर्षी थेरगावच्या दत्तोबांनी ती मोडली असं जाहीर झालं. हात दुखावल्यामुळे त्या वर्षी रशीदभाई धावत नव्हते, या वळणावर उभे राहून ऐकत होते. त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं, की ही फेरी माझ्यापेक्षा जलद नाही. लोक हसले. हरलेला माणूस दुसरं काय म्हणणार, असं बोलले. दत्तोबांशी शब्दाला शब्द वाढला आणि बोलणं तुटलं ते तुटलंच. समोरच दत्तोबांचं हॉटेल आहे, पण रशीदभाई बारा वर्षांत तिथे चहाला गेले नाहीत.

"हरल्याचं काही नाही, शंकरभाऊ," ते म्हणाले. "रोज इंजिनं ऐकून मी खातो. लोक म्हणाले, रशीद जळून खोटं बोलतो. पण आकडा आकडा असतो. त्याच्यापुढे माझ्या कानाला कोण विचारतं?"

निघताना ते मुद्दाम म्हणाले, की यात तुमच्या दाजींचा काही संबंध नाही, ते तर त्या वर्षी गावातच नव्हते.

मी रस्ता ओलांडून दत्तोबांच्या हॉटेलात गेलो. आडव्या बांध्याचा, मोकळा, मिशीवाला माणूस. गरम भजी पुढ्यात आली आणि न विचारता दुसरी प्लेटही आली. भिंतीवर शर्यतीचा फलक होता, दरवर्षीच्या सगळ्यांत जलद फेरीचा. पहिल्या ओळीत एका नावापुढे ३.७२ लिहिलं होतं. मी भजं खाता खाता थांबलो. तीन मिनिटं बहात्तर सेकंद कशी असतील? दत्तोबा खो खो हसले.

"पेंटर पिऊन आला हुता, पाव्हणं. बावन्नाचं बहात्तर केलंन त्यानं. आमी तसंच ठिवलं, गंमत म्हून."

तिसरी ओळ रशीदभाईंची होती, ३.४५. चौथी दत्तोबांची, ३.३८. त्यानंतर रस्ता उखडत गेला, यंदा बससाठी डांबर पडेपर्यंत त्या आकड्याच्या जवळपास कुणी आलं नव्हतं. मी पंचेचाळीस या आकड्याकडे बघत राहिलो. तो मी काल संध्याकाळीच माझ्या वहीत लिहिला होता. शंभर रेघांच्या तबकडीवर.

पेंटर शुद्धीत होता. पहिल्या तीन ओळी दाजींच्या घड्याळावरच्या होत्या, मिनिटाच्या शंभराव्या भागात. चौथीपासून पुढच्या ड्रिलमास्तरांच्या, सेकंदात. रशीदभाईंचे पंचेचाळीस म्हणजे सत्तावीस सेकंद. उरलेली भजी माझ्याच्यानं खाववेनात. दत्तोबांना वाटलं, तिखट लागली.

दाजी घरी आल्यावर मी रुमाल सोडून घड्याळ त्यांच्यापुढे ठेवलं आणि फलकावरचे आकडे सांगितले. त्यांनी पेन्सिल घेतली, एक गुणाकार केला आणि पेन्सिल खाली ठेवली. इतकी वर्षं तो फलक ते येता-जाता पाहत होते. पण त्यांच्या डोक्यात मिनिट शंभराचंच होतं, त्यामुळे अडतीस त्यांना पंचेचाळीसहून कमीच दिसले आणि बहात्तरात काही वावगं दिसलं नाही. आपण आकड्यापुढे कसला भाग ते लिहिलं नाही हे त्यांना त्या क्षणी उमगलं.

 मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू ते दुरुस्तच करून टाक. काटा शून्यावर आण. उद्या शेवटची शर्यत. नंतर फलक कोण बघतंय?"

मला त्यांची अडचण कळत होती. ज्या माणसाच्या आकड्यावर दोन हजार कामगार कुरकुरत का होईना विश्वास ठेवतात, त्यानं साधी खूण लिहायची राहून गेली असं उद्यापासून कारखान्याच्या फाटकावर लोक बोलणार. पण माझा हात त्या घड्याळाकडे जाईना. अक्का आत भाकरी थापत होती. ती तिथूनच म्हणाली, "रशीदभाई दर ईदेला शीरखुर्मा पाठवतात. तुम्ही दोन वाट्या खाता. उद्या खाली मान घालून खाणार का?"

दाजी जेवले नाहीत. मीही मग जेवलो नाही, म्हणजे एकच भाकरी खाल्ली.

गुरुवार

सकाळी दाजी माझ्या आधी तयार होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता, जणू साहेबांपुढे जायचंय. आम्ही आधी हॉटेलात गेलो. दाजींनी दत्तोबांना बाहेर बोलावलं आणि काही न सांगता समोर गॅरेजकडे नेलं. रशीदभाईंनी शटर अर्धं ओढलं होतं आणि मोटारसायकलला डबा अडकवत होते. दत्तोबांना पाहून ते ताठ झाले.

दाजींनी घड्याळ पुढे केलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. एकही गोष्ट त्यांनी गाळली नाही. चूक माझी आहे, ड्रिलमास्तरांची नाही, पेंटरची नाही, असं दोनदा म्हणाले. माझ्या बहिणीचं लग्न चांगल्या घरात झालंय असं मला तेव्हा मनापासून वाटलं.

पहिले बोलले ते दत्तोबा. "म्हंजी बारा वर्सं मी तुज्या जागेवर बसून हाय व्हय, रशीद?"

 रशीदभाईंनी फुटक्या काचेतून काटा पाहिला, सवयीनं घड्याळ कानाला लावलं आणि दाजींना विचारलं, की दोघांत फरक किती सेकंदांचा? अकरा, दाजी म्हणाले.

"अकरा?" रशीदभाई म्हणाले. "मला कानाला नऊ-दहा वाटले होते."

दत्तोबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो त्यांनी झटकला नाही, पण मान बाजूला फिरवली, आणि डोळे पुसले ते मी पाहिलं.

मग रशीदभाईंनी मला विचारलं, दुरुस्त होईल का? मी तिथेच स्टुलावर बसून घड्याळ उघडलं. काचेचा एक कण चाकाच्या दातात अडकून बसला होता, बाकी सगळं शाबूत. चिमट्यानं तो काढला, पेट्रोलनं चाकं धुतली, तेलाचे चार थेंब दिले. तासाभरात काम झालं. पण घड्याळ हातात देताना मी त्यांना सांगितलं, की वरचं बटण दाबलंत की काटा शून्यावर जाईल. एवढा एकच पुरावा आहे. मी तर म्हणतो, हे असंच कपाटात ठेवा.

"पुरावा दाखवायचा कुणाला?" ते म्हणाले. "ज्यांना कळायचं ते इथे उभे आहेत. घड्याळाला कशाला अडकवून ठेवायचं?"

आणि त्यांनी बटण दाबलं. तेरा वर्षं एका जागी असलेला काटा टक् करून शून्यावर गेला.  त्यांनी घड्याळ दाजींच्या हातात दिलं आणि आजची शर्यत यावरच मोजा म्हणाले. शटर पुन्हा वर गेलं, आणि डबा मोटारसायकलवरून उतरला.

दाजींनी खडूनं फलकावर पहिल्या तीन ओळींपुढे ठळक अक्षरात लिहिलं, मिनिटाचे शंभरावे भाग. दत्तोबांनी आपल्या ओळीपुढे दाजींकडून सेकंद असं लिहून घेतलं आणि वर चढून रशीदभाईंच्या नावाभोवती स्वतः चौकट काढली. ती वाकडी आली.

दहाला भोंगा झाला. सुट्टीच्या दिवशी भोंगा फक्त या शर्यतीसाठी वाजतो. चऱ्होली, तळवड्यापासून माणसं आली होती, कारखान्यांच्या भिंतींवर रांगेनं बसली होती, बायका डबे घेऊन सावलीत होत्या. अकरा मोटारसायकली एकदम सुटल्या तेव्हा माझ्या छातीचा पिंजरा हलला. मग तीन मिनिटं सगळं शांत, आणि मान वळवावी तर पुन्हा वळणावर तो गडगडाट. बैलांच्या शर्यतीत धूळ आधी दिसते, इथे आवाज आधी येतो. पहिल्याच फेरीत एकजण वळणावर घसरला, उठला, गाडी उचलली आणि रशीदभाईंनी लाथ मारून त्याचं वाकलेलं हँडल सरळ करून दिलं. तो पुन्हा धावला. मी ओरडत होतो असं अक्का नंतर म्हणाली. मला आठवत नाही.

दाजी रेघेवर घड्याळ धरून उभे होते. शेवटची फेरी होती. रशीदभाई आपल्या दारात, डोळे मिटून. तळवड्याचा एक फिटर सगळ्यांच्या पुढे होता. तो वळण घेऊन आमच्यासमोरून गेला आणि रशीदभाईंनी डोळे उघडले.

"हा माझ्या पुढे गेला," ते हळूच म्हणाले.

त्यानंतर क्षणभरानं दाजींनी आकडा पुकारला. तीन एक्केचाळीस, मिनिटाचे शंभरावे भाग. रशीदभाईंची फेरी सकाळी त्यांना मिळाली होती आणि दुपार व्हायच्या आत मोडली होती. पुढे शर्यत नाही, तेव्हा तळवड्याच्या फिटरचं नाव कायमचं वर राहणार. मला भयंकर वाईट वाटलं. दत्तोबा रस्त्यापलीकडे हातात खडू घेऊन थबकले होते, चौकट पुसावी की नाही ते त्यांना कळेना.

रशीदभाईंनी मात्र हात उंच करून त्यांना पुसायची खूण केली. ते हसत होते.

"हां," ते मला म्हणाले. "आता हरलो."

मग त्यांनी हात फडक्याला पुसले आणि रस्ता ओलांडून दत्तोबांच्या हॉटेलात चहाला गेले.